थांब्यावर उभं राहताना

आज बसथांब्यावर पोचलात की लगेच मोबाईल काढू नका. पिशवी खांद्यावर नीट घ्या. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. श्वास सावकाश सोडा.

समोरून ओळखीची मोटार गेली, की आपली मान आपोआप दुसरीकडे वळते का? वळली तर वळू द्या, पण तिची नोंद घ्या. ऑफिसात कुणी सहज विचारतं, ‘आज बसने?’ आणि आपण पटकन म्हणतो, ‘गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय.’ खरं तर कारण कुणी मागितलेलंच नसतं. त्या सारवासारवीपाशी क्षणभर थांबा. स्वतःवर रागावू नका. आपण काय झाकतोय आणि कुणापासून, एवढंच विचारा.

आता थोडं मागे जा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढे कितीतरी गावांत पहिली एसटी आली, तेव्हा लोकांनी तिला हार घातले, नारळ फोडले. जिच्या येण्याने गावाची मान उंचावली, तिच्याच जातीच्या गाडीत चढताना शहरात आपली मान खाली का जावी? उत्तराची घाई नको. प्रश्न मनात राहू द्या.

बस आली. चढा. दांडी धरा. कितीतरी हातांनी ती गुळगुळीत झालीय. आजूबाजूला पाहा. रात्रपाळी संपवून निघालेली नर्स डोळे मिटून बसलीय. एका आजींनी भाजीची पिशवी पायांत घट्ट धरलीय. कंडक्टर सीटला पाठ टेकवून तोल सांभाळतो, मशीनमधून निघालेलं तिकीट फाडतो, सुटे पैसे हातावर ठेवतो आणि म्हणतो, ‘पुढे सरका.’ यातल्या कुणापेक्षा मला वरचं ठरायचंय का? हा प्रश्न दोन-तीन श्वास तसाच धरून ठेवा.

सिग्नलला खिडकीबाहेर पाहा. बहुतेक मोटारींत एकेकटा माणूस. अशा तीन मोटारी रांगेत उभ्या राहिल्या, की साधारण तुमच्या बसएवढा रस्ता व्यापतात. तुमच्या बसमध्ये मात्र चाळीस-पन्नास माणसं आहेत. म्हणजे रस्त्यावरची गर्दी तुम्ही थोडी कमी केलीत. हे समाधान मनात मुरू द्या.

बस उशिरा येते, कधी उभ्याने जावं लागतं, हे खरंच आहे. त्याला गैरसोय म्हणा. लाज ही वेगळी गोष्ट. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

उतरल्यावर कुणी विचारलं, तर ‘हो, बसने,’ एवढंच सांगा. पुढे कारण जोडू नका. बस उशिरा आली असेल, तर तेही मोकळेपणाने बोला, तक्रार नोंदवा. जिची लाज वाटते, तिच्यासाठी कुणी भांडत नाही. बस आपली वाटू लागली, की ती वेळेवर यावी आणि तिच्या फेऱ्या वाढाव्यात, हे ठणकावून मागता येतं.