नाचणाऱ्याला उभं करू नकोस

मेढा, ता. जावळी, जि. सातारा

चि. छकुली,

तुझी चित्रं पोचली. विसर्जन मिरवणुकीतल्या लेझमीचा व्हिडिओ मोबाइलवर थांबवून थांबवून काढलीस, असं लिहिलंयस. हात सफाईदार आहे, मापं चोख आहेत. पण त्यातली पोरं नाचत नाहीत, फोटोवाल्यासमोर उभी केल्यासारखी दिसतात. व्हिडिओ थांबवला की आवाजही थांबतो, आणि निम्मा नाच तिथंच संपतो.

चैत्रात इकडे ये. गावोगावच्या यात्रा असतात, मुंबईला माथाडी काम करणारी माणसं रजा टाकून येतात, रात्री देवाच्या पालखीचा छबिना निघतो. हलगी, ढोल, सनई आणि पुढे लेझीम. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा पुठ्ठ्याला चिमट्याने लाव, मऊ पेन्सिल नाहीतर कोळसा घे. खोडरबर घरीच राहू दे.

आधी हलगीवाले जाळापाशी बसलेले असतील तिकडे जा. कातडं तापून ताणलं की हलगी खणखणीत बोलते, म्हणून ते ती शेकत असतात; मधूनच बोटांनी वाजवून बघतात. तोवर नाचणारे निवांत उभे असतात. फेट्याचा शेमला कुठं सोडलाय, धोतर कसं खोचलंय, लेझमीच्या दांड्याला साखळी कशी अडकवलीय, चकत्या कशा ओवल्यात, हे तेव्हाच काढून घे. एकदा हलगी कडाडली की या बारकाव्यांना कुणाला सवड नसते.

मग थोडा वेळ नुसतं ऐक. शाळेत तुम्हाला लेझमीचे चार आवाज, आठ आवाज शिकवलेत ना? तेच इथं कामाला येतात. लेझीम ताणली की छन्न, मिटली की खळ्ळ. पाऊल पडतं, कंबर वाकते, हात फिरतो आणि ठरलेल्या ठेक्यावर माणूस पुन्हा त्याच ठिकाणी येतो. आपली सगळी सोय यातच आहे. निसटलेली हालचाल पुन्हा येणारच असते, तिच्यामागे धावायचं कारण नाही. एकाच कागदावर चार आवाजांच्या चार आकृत्या सुरू कर आणि ज्याची पाळी येईल त्यात एकेक रेघ टाकत जा. पहिल्यांदा फक्त पाठीचा बाक. पुढच्या वेळी भार कुठल्या पायावर आहे ते. हात आणि लेझीम सगळ्यांत शेवटी.

यातला भार नीट बघ. ज्या टाचेवर अंग पेललंय तिच्यावर मनातल्या मनात ओळंबा धर. गळ्याची खळगी बरोबर त्या रेषेत असली, की माणूस उभा आहे. ती रेषेच्या बाहेर गेली, की तो पडू लागलाय आणि पडू नये म्हणून पुढचं पाऊल टाकणार आहे. तुझ्या चित्रांतली सगळी डोकी टाचेच्या अगदी वर आहेत, म्हणून ती पोरं हलत नाहीत. बाह्यरेषा गिरवताना हे लक्षात येत नाही; ठेका कानात असला की तोल जातो तिकडे हात आपोआप कलतो.

कागदाकडे फार बघू नकोस. फ्रेंच शिल्पकार रोदँ मॉडेलवरची नजर न काढता रेघ ओढायचा. 1906 साली कंबोडियाच्या राजाबरोबर आलेल्या नर्तकी त्याने पॅरिसमध्ये पाहिल्या आणि त्यांची चित्रं काढायला पार मार्सेयपर्यंत त्यांच्या मागे गेला. वय पासष्टीच्या पुढचं! आपल्या मुंबईत राहिलेले के. के. हेब्बर आणखी पुढे गेले. लय अंगात भिनावी म्हणून ते चक्क कथक शिकले. त्यांची नाचाची रेखाटनं मिळाली तर बघ, मोजक्या रेघांत गिरकी उभी राहते. आणि अजिंठ्याला जाशील तेव्हा पहिल्या लेण्यात महाजनक जातकातली नर्तकी शोध. तिच्याभोवती वाजवणाऱ्या बायका आहेत. ज्याने ते रंगवलं त्याला नाचाइतकंच वाजवणंही दाखवायचं होतं. तुझ्या चित्रांत हलगीवाला कुठंच नाही.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत असल्या रेघा चालतील असं मात्र समजू नकोस. तिथं नीटनेटकं लागतं, ते वेगळं कर. पण स्मरणचित्रात माणसं काढायची वेळ आली, तर हे छबिन्यातले कागदच हाताशी येतील.

गर्दीत कुणीतरी ‘माझं काढ की’ म्हणून छाती काढून समोर उभा राहील. त्याला हसून परत नाचायला धाड. उभ्या माणसासाठी आपण आलेलो नाही. मात्र ज्यांची काढशील त्यांना कागद दाखव, मागितला तर देऊन टाक. गुलाल सांडला तर झटकत बसू नकोस, कोळशावर तो फासला जातो.

तोवर तुमच्याकडे ढोलपथकांचा सराव कुठं सुरू झाला तर बघ. त्यांना विचारून कडेला बस आणि काढ. पुढच्या पत्रासोबत निवडलेली चित्रं नकोत, सगळे कागद पाठव. फसलेले आधी.

तुझे आजोबा