टॅब नको, बिल भरा

शाळेत नवं तंत्रज्ञान आणायचं म्हटलं की आपल्याकडे आधी वस्तूंची यादी होते. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली तेव्हाही प्रत्येक प्राथमिक शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक आणि लागणारं साहित्य मिळावं असा संकल्प होता. साहित्य पोहोचायला सोपं, म्हणून ते बऱ्याच ठिकाणी पोहोचलं आणि कपाटात गेलं. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असलेली काचेची परीक्षानळी पोराच्या हातून फुटली तर जबाब कोण देणार? त्यापेक्षा कुलूप बरं. या कुलपाला मी आळस म्हणणार नाही. ज्या वस्तूचा हिशेब वापरावर नसून तिच्या असण्यावर मागितला जातो, ती वस्तू जपली जाते, वापरली जात नाही.

माझी शाळा द्विशिक्षकी, जिल्हा परिषदेची, घाटाच्या कडेला. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ची हवा होती. कुमठे बीटमधल्या शाळांचं काम बघायला राज्यभरातून शिक्षक साताऱ्याला जात होते आणि गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल होत होत्या. आमच्याकडेही मुंबईला कामाला असलेल्या पोरांनी पैसे जमवले. प्रोजेक्टर आला, नारळ फुटला, फोटो निघाले. पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, ते एक वेळ चालतं. पण बिल थकलं की मीटरच काढून नेण्याची भाषा होते. प्रोजेक्टरला वर्गणी देणारे भेटतात, वीजबिलाला भेटत नाहीत. बिलावर देणगीदाराचं नाव रंगवता येत नाही ना!

लहान शाळेत मोठं यंत्र आणण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत झाला. लॅपटॉप हाती आला की मूल आपलं आपण शिकेल, असा या मोहिमेमागचा विश्वास होता. चार इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या माणसाला मात्र हे वाचून एकच प्रश्न पडतो: लॅपटॉप बंद पडला की मूल कोणाकडे बघणार?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे त्यांनी पाठ्यपुस्तकांना जोडलेल्या क्यूआर कोडची चर्चा झाली. मला त्यांच्या कामातला त्याआधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. तिथल्या मुलांची घरची भाषा कानडी. पाठ्यपुस्तक त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं, म्हणून डिसले कानडी शिकले. कोडच्या मागे काय ठेवायचं हे त्यांना माहीत होतं, कारण समोरच्या मुलाला काय कळत नाही हे माहीत होतं. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर सगळीकडे कोड आले. ते छापता येतात. त्यामागचं कानडी शिकणं छापता येत नाही, ते ज्याचं त्यालाच करावं लागतं.

आमच्या शाळेत खऱ्या अर्थाने रुळलेलं तंत्रज्ञान वेगळंच आहे. यू-डायस आणि सरल या पोर्टलांवर भरायची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, चॅटबॉटवरची हजेरी, प्रशिक्षणाच्या लिंका आणि केंद्राच्या ग्रुपवर येणारी ‘तात्काळ’ माहिती. फोन माझा, रिचार्ज माझा. रेंज शाळेच्या ओट्यावर एका कोपऱ्यात येते. वरच्या कार्यालयाला आकडे लगेच मिळतात आणि ते मिळायलाही हवेत. ताटात काय पडलं हे कोणीतरी विचारलंच पाहिजे. पण फोन घेऊन मी ओट्यावर उभी असते तेव्हा आत दुसरीचा वर्ग वाचत असतो की मारामारी करत असतो, याची नोंद कुठल्याच ॲपला नाही. आहाराची नोंद राहिली तर दुपारपर्यंत फोन येतो. प्रोजेक्टर महिनाभर लागला नाही, तर कोणी विचारत नाही.

तरी मी यंत्राच्या विरोधात नाही. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यावर बेतलेलं असतं. जिल्ह्याच्या नकाशात आमची वाडी नसते. असायचं कारणही नाही. एकदा हिवाळ्यात वीज होती, रेंज होती, म्हणून उपग्रहाचा नकाशा भिंतीवर लावला आणि ओढ्याच्या कडेकडेने वर सरकत गेले. शाळेचा पत्रा ओळखू आल्यावर जो गलका झाला, त्यात चौथीही तिसरीत येऊन बसली. निळी ताडपत्री कोणाची, यावरून भांडण. एक मुलगी हिरमुसली, तिचं घर दिसेना. मग दुसरी म्हणाली, ‘बाई, पाण्याची टाकी पण नाय यात.’ टाकी बांधून फार दिवस झाले नव्हते. म्हणजे चित्र जुनं! नकाशा कधीतरी काढलेला असतो, तो शिळा होतो, हे मला पाठातून शिकवायला आठवडा लागला असता. नंतर त्यांनी खडूने फरशीवर आपला नकाशा काढला. त्यात झाडाखालची विहीर आली, करवंदांची जाळी आली, बांधावरून जाणारी जवळची वाट आली, साप निघतो ती जागा आली. उपग्रहाला यातलं काही दिसलेलं नव्हतं. प्रोजेक्टर वीसेक मिनिटं चालला असेल. फरशीवरचं काम दुपारच्या सुट्टीतही थांबलं नाही.

आता शिक्षण परिषदेत कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा असते. मीही दुसरीसाठी वाचनाचे उतारे करून घेते. पहिल्या उताऱ्यात मुलं आईबाबांबरोबर उद्यानात फेरफटका मारून आइस्क्रीम खात होती. मी उद्यान काढून जत्रा घातली, आइस्क्रीमच्या जागी गारेगार. एरवी रात्री बसून लिहावं लागलं असतं ते चहा होईपर्यंत झालं, आणि माझ्या हाताने बदलता आलं. मला यातलं हे बदलता येणंच आवडतं. बंद पेटीतून आलेल्या तयार व्हिडिओत मला उद्यान खोडता येत नाही.

यंदा मुंबईतल्या त्याच पोरांच्या मंडळाने शाळेला टॅब द्यायचं काढलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी वर्षाचं वीजबिल, इन्व्हर्टरची बॅटरी आणि इंटरनेटचा रिचार्ज मागितला. अध्यक्ष म्हणाले, ‘बाई, याचा कार्यक्रम कसा करायचा?’ मंडळाचं उत्तर अजून यायचं आहे.