मागे राहिलेल्यांच्या आठवणी

दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात कित्येक घरांना कुलूप लागतं. दसरा झाला, की तोडणीला मजूर नेणाऱ्या मुकादमांची लगबग सुरू होते. त्यांच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असतेच. दिवाळीच्या आगेमागे ट्रक येतो आणि पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागातल्या गावांत म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेपुरती ठेवलेली पोरं उरतात. बाकी सगळे कोल्हापूर, सांगली, पुण्याकडच्या नाहीतर थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर. परतायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या सुमाराला.

या कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीवर, वाढलेली एक पिढी आता पिंपरी-चिंचवडला, पुण्याला, मुंबईला स्थिरावली आहे. कुणी मास्तर झालं, कुणी पोलीस, कुणी संगणकावर बसलं, एखाददुसरा परदेशी गेला. मीही त्यातलाच. लग्नाकार्यात ही मंडळी जमली, की बोलणं हमखास उसाच्या फडावर येतं. बांबू आणि चटयांची कोपी, वर ताडपत्री. पहाटे चारला चूल पेटायची, थंडीत हात ओढून घेत भाकरी थापल्या जायच्या. टायरगाडीवर मोळ्यांच्या ढिगावर झोपून केलेला प्रवास, वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत काढलेली रात्र, बैलांच्या घंटा, कारखान्याचा भोंगा, आणि सगळ्यावर पसरलेला मळीचा वास. हवा तेवढा ऊस खायला मिळायचा. संध्याकाळी उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या गोठेवाल्यांना विकून आलेल्या रोकड्यात मीठ-तेल भागायचं, त्यातूनच गोळ्या-बिस्किटं. सांगताना डोळे भरून येतात, आणि ते खोटं नसतं.

पण ऐकताना एक गोष्ट खटकते. एवढ्या रसभरीत आठवणी सांगणारे बहुतेक जण फडावर फार राहिलेलेच नसतात. शाळेत नाव घालेपर्यंतची वर्षं, पुढे एखादी सुट्टी, बस्स. पोरगं हुशार निघालं म्हणून आजीपाशी गावात ठेवलं गेलं, म्हणून ते शिकलं, आणि शिकलं म्हणून आज आठवणी सांगतंय. जो पोरगा दरवर्षी माय-बापाबरोबर गेला त्याची शाळा दुसऱ्या सत्रात सुटायची. चौथी-पाचवीनंतर ती कायमचीच सुटली आणि तो स्वतःच कोयता झाला. फडाचं बालपण त्याच्याकडे पुरेपूर आहे. पण तो या लग्नातल्या गप्पांत नसतो, कारण त्या वेळी तो वाढप्यांच्या पंगतीत असतो किंवा उचलीच्या हिशेबासाठी मुकादमाच्या दारात.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात हन्स्लेट नावाची कामगार वस्ती होती. तिच्याबद्दल रिचर्ड हॉगर्टने 1957 साली पुस्तक लिहिलं आणि कामगारांच्या घरातली ऊब, बोलणं, चालीरीती सगळं नोंदवून ठेवलं. हॉगर्ट आई-बापाविना आजीकडे वाढलेला आणि शिष्यवृत्तीवर शिकलेला. शिकून वर आलेला पोरगा घरातही उपरा आणि बाहेरही उपरा कसा होतो, हे त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगितलं नसेल. बीडच्या डोंगरपट्ट्यात आजीपाशी वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. पुढे 1971 मध्ये सॅलफर्डच्या रॉबर्ट रॉबर्ट्सने आपल्या वस्तीचं चित्र काढलं ते बरंच कडवट होतं. गरिबांच्या वस्तीतही चढउतार किती काटेकोर असतात, गहाणवटीची दुकानं कशी चालतात, हे त्याने दाखवलं. त्याच्या आईबापाचं कोपऱ्यावर दुकान होतं. म्हणजे तोही वस्ती पाहत होता ती गल्ल्याच्या आतून.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. हन्स्लेट किंवा सॅलफर्डच्या माणसाला, आपल्या मुंबईतल्या लालबाग-परळच्या माणसाला, एक गल्ली दाखवता येते. ती पाडली गेली असली तरी इथे होती असं म्हणता येतं. 18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या कापड गिरण्यांच्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांना त्या कामगारांच्या तोंडून गिरणगावाचा इतिहास गोळा करता आला, कारण माणसं त्याच चाळींत राहत होती. फडावरची कोपी ऊस संपला की उपटली जाते. पुढच्या वर्षी कारखाना वेगळा, शेत वेगळं, विहीर वेगळी. त्या बालपणाला पत्ताच नाही. ते फक्त माणसांच्या डोक्यात आहे, आणि ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना कुणी विचारत नाही.

सगळ्यात कमी विचारलं जातं ते फडावर वाढलेल्या बहिणीला. मायबाप फडात असताना कोपीवर धाकट्याला सांभाळणारी, पाणी भरणारी, सरपण आणणारी ती. वयात आली की कोपीवर ठेवायची भीती आणि गावातही ठेवायची भीती, म्हणून लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. लग्न झालं की नवऱ्याबरोबर कोयता, मग बाळंतपण, मग पुन्हा कोयता. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात पोचला. शासनाच्या समितीने केलेल्या पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांच्यातल्या कुणाला मळीच्या वासाने भरून येत असेल का, मला शंका आहे. येतही असेल. पण ती आठवण आमच्या आठवणीसारखी नसणार हे नक्की.

आमच्यातल्या काहींनी फडाच्या आठवणींचं भांडवल केलं, हेही सांगितलं पाहिजे. कोयत्याचा पोरगा म्हणून मतं मागता येतात, व्याख्यानं देता येतात. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तिच्या श्रेयाचे फलक गावोगाव लागले. दर वाढला हे चांगलंच. पण तोडणी मजुरांच्या पोरांसाठी कारखान्यांवर चालणाऱ्या साखरशाळा बंद पडत गेल्या, शिक्षणहक्क कायद्यानंतर हंगामी वसतिगृहांवर भिस्त आली, आणि पोरं गावात ठेवायची तर कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न आजही आजीच्याच पदरात आहे.

आता तोडणी यंत्रं येताहेत, सरकार त्यांना अनुदान देतं. हा धंदा आणखी एका पिढीत आटोपेल असं दिसतं, आणि तो आटोपला तर वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मात्र तोवर फडाची हकिगत लिहून ठेवायची असेल तर आम्हा मागे राहिलेल्यांच्या गोड आठवणी पुरणार नाहीत. पाडव्याला ट्रक परततील. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या माझ्यासारख्यांना विनंती एवढीच, की त्या वेळी गावी जा, फोनवर आवाज टिपायचं बटण दाबा आणि आधी बहिणीला बोलू द्या. उचल किती होती, फिटली किती, बाळंतपण कुठे झालं, शाळा कितवीत सुटली, सगळं विचारा. मधे आपली आठवण घालू नका.