सुयांची डबी

मिरज,
नागपंचमी

चि. बाळास,


आज आपल्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, सुईसुद्धा हातात धरायची नाही. सकाळी पुरणाचे दिंड उकडले आणि दुपार मोकळी मिळाली, म्हणून पत्राला बसले. परवा फोनवर तू घाईत होतास, आणि मला जे बोलायचं होतं ते घाईत बोलण्यासारखं नव्हतं.

‘आत्या, पोराला यंदा शाळेत शिवण आहे, मशीनवर पिशवी शिवणार म्हणे,’ असं तू हसत सांगितलंस. मग आवाज खाली आणून म्हणालास, ‘बाबांना सांगू नकोस, त्यांना आवडायचं नाही.’ त्या वाक्याने मला दोन रात्री झोप नाही. बाळा, तुझ्या बाबांची एक गोष्ट तुला ठाऊक नाही. ती लिहू का, म्हणून मी त्यालाच विचारलं. ‘लिही,’ म्हणाला.

वहिनी गेल्याला आता चौथं वर्ष. तू दिवसकार्य आटोपून स्वीडनला परत गेलास. त्यानंतर सहाएक महिन्यांनी मी दादाचं कपाट आवरायला घेतलं. आत इस्त्री केलेले नऊ शर्ट एकावर एक, आणि हा रोज तेच दोन आलटूनपालटून घालणार. का, म्हणून विचारलं तर बोलेना. मग मी एकेक उलगडून पाहिला. एकाचं गळ्याखालचं बटण नाही, एकाची काखेतली शिवण उसवलेली, एकाचा खिसा लोंबतोय. बटण तुटलं की शर्ट धुवायचा, इस्त्री करायची आणि बाजूला ठेवून द्यायचा, असं त्याचं चाललं होतं. ज्याने पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं पंप उघडून पुन्हा जोडले, त्याला चार भोकांचं बटण लावता येत नव्हतं. आणि ते कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती, मलासुद्धा. जेवणाचंही तेच. डबा आला नाही तर चहात बिस्किटं बुडवून खायची आणि ‘आज भूक नव्हती’ म्हणायचं.

मला राग आला तो माझ्या आईचा आणि माझा. आईचं पायमशीन तुला आठवत असेल, माजघरात खिडकीशी असायचं. त्याचा चामडी पट्टा सुटला की आई दादाला हाक मारायची. तो खाली बसून पट्टा चढवायचा, तेल घालायचा, बॉबिनमध्ये अडकलेला दोरा काढून द्यायचा. आठ-नऊ वर्षांचा असेल, म्हणजे तुझ्या लेकाएवढाच. एकदा म्हणाला, ‘मी एक टीप मारून बघू?’ आई म्हणाली, ‘तुला काय करायचंय, बायकांचं काम ते.’ आणि मी शेजारी उभी राहून हसले. शाळेतही तीच वाटणी होती, शेवटच्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम. मला रंधा धरायला अजून येत नाही, पण त्यावाचून माझं कधी अडलं नाही. दादाचं मात्र रोज अडलं.

आणि बायकांचं काम तरी कसं म्हणायचं? आपल्या गल्लीत कपडे शिवणारा शिंपी पुरुषच होता. नामदेवमहाराज शिंप्याच्याच घरचे. लग्नात हजार पानांचा स्वयंपाक करणारा आचारीही पुरुष. दोन पैसे मिळत असले की सुई आणि झारा पुरुषाच्या हातात शोभतात, आणि घरात फुकट चालवायचे झाले की तेच बाईचे होतात. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांचे मळके कपडे स्वतः धुवायचे, त्यांच्या खोल्या झाडायचे. ‘श्यामची आई’त श्याम पत्रावळ लावायला शिकतो, ते एक आख्खं प्रकरण आहे. ते पुस्तक आपल्या घरात तीन पिढ्यांनी डोळे पुसत वाचलं, आणि वाचून झाल्यावर मुलांची ताटं मुलींनीच उचलली.

२०१९ साली आपल्या सरकारने लोकांचा दिवस मिनिटांत मोजला होता. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज २९९ मिनिटं जात होती, आणि पुरुषाची ९७. तीही जे पुरुष काही करत होते त्यांचीच, आणि असे पुरुष चारांत जेमतेम एक. वहिनी त्या पाच तासांत मोडायची, हे आपण तिच्या हयातीत कधी मोजलं नाही रे.

म्हणून तुझ्या त्या शाळेचं मला फार कौतुक वाटलं. सूनबाईने मला त्या विषयाचं नाव लिहून पाठवलं, स्लॉइड. तिथे म्हणे मुलगा असो की मुलगी, सुई आणि करवत दोन्ही हाताळाव्या लागतात. एके काळी तिथेही मुलांना लाकूड आणि मुलींना कापड अशीच वाटणी होती, पुढे त्यांनी ती मोडली. तुमच्या गोथेनबर्गपासून जवळच नेस म्हणून जागा आहे. ऑटो सालोमन नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात तिथे शिक्षकांना हस्तव्यवसाय शिकवायला सुरुवात केली, आणि देशोदेशीचे शिक्षक तिथे शिकायला यायचे. एखाद्या रविवारी पोराला घेऊन जाऊन ये. पण शाळेवर सोडून मोकळा होऊ नकोस. शाळेत पिशवी होईल, ती खुंटीवर टांगली जाईल, आणि घरी त्याच्या चड्डीचं बटण त्याची आईच लावत राहील.

घरात ‘आईला मदत कर’ असं त्याला म्हणू नकोस. मदत म्हटली की काम आईचं ठरतं आणि हा उपकार करणारा. त्याला त्याचं स्वतःचं काम दे, आणि रोजचं, कंटाळवाणं दे. रविवारी केक करायला कुणालाही आवडतो, आणि आपण त्याचे फोटो काढतो. मला मटकी भिजत घालायचं लक्षात ठेवणारा मुलगा हवाय. डबा शाळेतून आल्या आल्या घासायचा, दूध संपत आलं की सांगायचं. काम हातांनी होतंच, बाळा, पण ते आठवणीत ठेवण्यानेच बाईचं डोकं शिणतं. तो भार त्याला आत्तापासून थोडा थोडा उचलू दे.

शिवताना त्याला खरी सुई दे, प्लास्टिकची नको. दोनदा टोचेल. दोरा हातभरच घ्यायला सांग, लांब घेतला की गुंता होतो. बटण लावताना बटणाखाली आगपेटीची काडी ठेवायची आणि तिच्यावरून टाके घ्यायचे. काडी काढली की बटण थोडं सैल राहतं. मग त्याच्या मुळाशी दोऱ्याचे तीन-चार वेढे द्यायचे, म्हणजे बटणाला मान येते आणि काजात घालताना ओढ बसत नाही. त्याचे टाके वाकडे आले तर रात्री तो झोपल्यावर कुणी उसवून नीट करू नका. हे सूनबाईला मुद्दाम सांग, कारण मी स्वतः तुझ्या चित्रकलेच्या वह्यांबाबत तसं केलंय आणि तू चिडून दोन दिवस बोलला नव्हतास.

आणि तूही बस त्याच्याजवळ. तुला येत नसेल तर दोघं मिळून शिका. तुझ्या बाबांना मी एकाहत्तराव्या वर्षी शिकवलं. पहिले चार दिवस सुईत दोरा ओवण्यातच गेले, चष्मा वर-खाली करत. पण हात इंजिनिअरचा. आता त्याने लावलेलं बटण माझ्यापेक्षा घट्ट बसतं. ते नऊच्या नऊ शर्ट त्याने स्वतः नीट केले. पिठलं-भात करतो, पिठल्यात गुठळी झाली की माझ्याकडे बघत नाही. परवा खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या दप्तराचा पट्टा त्यानेच शिवून दिला. तुझ्या लेकाच्या पिशवीचं कळलं तेव्हा त्याने एकच विचारलं, ‘मशीन पायाचं आहे का विजेचं?’

गुडघे माझे पावसाळ्याने दुखतात, बाकी ठीक. पारिजातकाचा सडा पडतोय. पुढच्या महिन्यात इथले एकजण तिकडे येणार आहेत. त्यांच्याबरोबर मेतकूट, भाजणी आणि आईची पितळी सुयांची डबी पाठवते आहे. ती तुझ्या लेकाची. दादाने आपला एक शर्ट सोबत घडी करून दिलाय, निळ्या चौकटीचा. त्याचं वरचं बटण त्याने मुद्दाम काढून कागदात बांधलंय. नातवाने लावून परत पाठवायचं म्हणतो.

तुझी
आत्या

ता. क. सुया सात आहेत. काम झालं की मोजून डबीत.