सर्चमध्ये सापडलेलं नाव

गेल्या दिवाळीत ऑफिसमधल्या मैत्रिणीने तिच्या आजोबांची पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे ठेवली. ती बेने इस्रायली, म्हणजे कोकण किनाऱ्यावरचे मराठी ज्यू. पूर्वी यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणत. आजोबा समाजाच्या एका संस्थेचे चिटणीस होते. ट्रंकेत इतिवृत्तं, पत्रव्यवहार, वर्तमानपत्रांची कात्रणं. "स्कॅन कर, आणि कुणालाही सर्च करता येईल असं बनव," ती म्हणाली.

मला हे काम आवडलं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापून आला 1937 मध्ये, तेल अवीवला. तोवर केहिमकर हयात नव्हते. कागद इतका काळ अडकून पडू नयेत, एवढंच माझं तत्त्वज्ञान होतं.

एक जाड फाइल 1962 ते 1964 ची निघाली. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आई-आजीचं मूळ तपासा, असा आदेश तिथल्या धर्मपीठाने काढला होता. लोक रस्त्यावर उतरले. 1964 मध्ये तिथल्या संसदेने हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असं जाहीर केलं. कात्रणं वाचताना मलाही राग येत होता.

त्याच फाइलच्या तळाशी 1950 च्या दशकातलं एक पत्र होतं. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. काळे म्हणजे बाहेरच्या बाईची संतती, असं गोरे मानत. पत्रात एका मुलीचं पूर्ण नाव होतं. घराणं 'काळं' आहे, हे लग्न होऊ देऊ नये. खाली आजोबांच्या अक्षरात शेरा: 'नोंद घेतली.'

मी ते आडनाव सर्चमध्ये टाकलं. क्षणात पान उघडलं. मैत्रीण म्हणाली, "त्यांची नात माझ्या वर्गात होती."

पान काढून टाकावं, तर समाजाकडे फक्त स्वतःवर झालेल्या अन्यायाचा पुरावा उरतो. स्वतः केलेल्याचा नाही. ठेवावं, तर त्या बाईच्या नातवंडांचं नाव कुणी गंमत म्हणून टाइप केलं तरी हेच समोर येणार.

मी वसईचा, ख्रिस्ती घरातला. माझ्या आजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद मला हवी होती, तेव्हा फादरांनी आधी विचारलं, "कशाला हवी?" मग कपाट उघडलं. तेव्हा मला तो वेळकाढूपणा वाटला होता. आता वाटतं, त्या प्रश्नामुळे मागणाऱ्याला निदान स्वतःचं नाव सांगावं लागतं. माझा सर्च बॉक्स कुणालाच काही विचारत नव्हता. कागद खुला असणं आणि माणूस उघड्यावर पडणं यात फरक आहे, हे मला कोड लिहून झाल्यावर कळलं.

शेवटी पत्र ठेवलं. मुलीचं नाव झाकलं. मूळ कागद कुणाला पाहायचाच असेल, तर मैत्रिणीला भेटून कारण सांगायचं. मी विचारलं, "आजोबांचंही झाकू?"

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

"नको," म्हणाली. "त्यांचं सर्चमध्ये राहू दे."