शेवट गोड नसलेला अनुभव



कतारगामच्या आपल्या गुरुवारच्या सत्संगात आरतीनंतर पंधरा मिनिटं अनुभवांसाठी असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अनुभवांची एक ठरलेली चाल आहे. संकट आलं, सद्गुरूंचं स्मरण केलं, संकट टळलं. सुटलेली नोकरी परत मिळाली, मुलीचं जमलं, मूतखडा पडून गेला. शेवटी आपण जयजयकार करतो आणि प्रसाद घेऊन घरी जातो. यात काही वाईट नाही. आम्हीही असे अनुभव या पत्रिकेत किती वेळा पाठवलेत.

महिन्याभरापूर्वी एक दादा उभे राहिले. हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसणारे, आपल्यातले जुने. (त्यांना विचारूनच हे लिहितोय. मजकूर आधी त्यांना वाचून दाखवला. दोन वाक्यं त्यांनी काढायला लावली, ती काढली.) ते म्हणाले, “चार वर्षं झाली, मी डोक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतो. घंटीभोवती बसलेले सगळे माझ्याविषयीच बोलतायत असं वाटायचं. घरी आलो तरी त्यांचे आवाज ऐकू यायचे. आता बरं आहे, पण बरा झालोय असं नाही. उद्याचं माहीत नाही.” एवढं बोलून ते खाली बसले.

जयजयकार करायचा की नाही, कोणालाच कळेना. शेवटी एका ताईंनी, अगदी मायेनेच, म्हटलं, “दादा, श्रद्धा कुठेतरी कमी पडतेय.” मागून कोणी म्हणालं, “गोळ्यांनी सवय लागते, त्यापेक्षा नामस्मरण वाढवा.” दादा हसले. पण पुढचे गुरुवार ते आलेच नाहीत.

तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला सोडत नाहीये. ज्याचा शेवट गोड नाही असा अनुभव ऐकायला आपल्याकडे जागा आहे का?

गीतेचा पहिला अध्याय आपण पारायणात भरभर वाचून पुढे जातो, खरी शिकवण दुसऱ्यापासून आहे म्हणून. पण तिथे अर्जुन काय सांगतोय ते थांबून बघा. अंग गळून गेलंय, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, कातडीची आग होतेय, हातातून गांडीव सुटतंय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. एवढा मोठा धनुर्धारी दोन्ही सैन्यांच्या मधोमध हे बोलतोय, आणि भगवंत त्याला मध्ये तोडत नाहीत. त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतात. त्याचा विषाद म्हणजे आजार होता असं आम्ही म्हणत नाही, तो मोह होता. आम्हाला तिथलं ऐकणं महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला या वेळी वाचताना दिसली. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्याला आधी रागावतातच. हे दुबळेपण टाक, ऊठ, म्हणतात. त्यावर अर्जुन उठत नाही. तो पुन्हा आपलं दुःख सांगतो, मी शिष्य आहे, मला शिकवा म्हणतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. त्यानंतर खरी गीता सुरू होते. म्हणजे नुसतं ‘ऊठ, मन घट्ट कर’ म्हणून प्रत्यक्ष भगवंतांचं काम झालं नाही. मग आपलं कसं होईल?

तुकोबांचंही तसंच. त्यांचा स्वतःच्या आयुष्याविषयीचा अभंग आपण ऐकलेला असतो. 1630 च्या सुमारासचा तो भयंकर दुष्काळ, बुडालेला धंदा, अन्नावाचून गेलेली पत्नी, लोकांसमोर वाटलेली लाज, सगळं त्यात आहे. आणि त्यातच ते म्हणतात की खरं तर हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. ते विचारणारे संत आमच्या मनात राहतात. कोणीतरी आधी विचारलं होतं, आणि ऐकायला बसलं होतं.

आपल्यातली बरीच घरं खानदेशातली. धुळे जिल्ह्यातलेच डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. शिकलेलं घर, परदेशात चांगली नोकरी, कोणाला न सांगता ते आयुष्य काढू शकले असते. त्यांनी ते लपवलं नाही. 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे आजार असलेले आणि त्यांच्या घरचे एकत्र बसून बोलतात, एकमेकांचं ऐकतात. पुढे 2004 मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट आला, त्यामागेही वाणींचा मोठा आधार होता. अतुल कुलकर्णी त्यात आजारी भाऊ झालेत आणि सोनाली कुलकर्णी त्याला सांभाळणारी बहीण. घरी सगळ्यांनी मिळून एकदा जरूर बघा. वाणी 2017 मध्ये गेले.

या मंडळींनी दोन शब्द रुजवलेत, ते आम्हाला फार आवडले. आजार असलेला तो शुभार्थी, आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. आपल्या गल्लीत काय शब्द आहेत? मराठीत येडा, गुजरातीत गांडो, आणि घरात कुजबुजत ‘मगज फिरलंय’. पोरं हे शब्द आपल्याच तोंडून शिकतात.

आता आमची चूक सांगतो. गेल्या वर्षी एका माउलींनी आपल्या मुलाच्या आजाराविषयी आम्हाला फोनवर सांगितलं. रडत रडत सांगितलं. आम्ही ते लिहून पत्रिकेत पाठवलं. नाव टाकलं नव्हतं, पण ‘वेड रोडवरचा, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात काम करणारा तरुण’ असं लिहिलं होतं. तेवढं पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत तो मजकूर फिरत फिरत त्यांच्या गावच्या ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी कामावरच्या मुलांनी त्याला वाचून दाखवला. तो आईशी कित्येक दिवस बोलला नाही. आम्ही फोन केला तेव्हा एवढंच म्हणाला, “मला विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं.”

आमचा हेतू चांगला होता. लोकांच्या मनात कणव यावी हाच होता. पण ती कणव आम्ही त्याच्या जिवावर मिळवायला निघालो होतो. तो अनुभव त्याचा होता. मग आईचं काहीच नाही का? तिच्या जागलेल्या रात्री, तिची भीती, नातेवाइकांचे टोमणे, हे तिचंच आहे आणि ते सांगायचा तिला पूर्ण हक्क आहे. मुलाच्या आजाराचं नाव काय, त्या अवस्थेत तो काय बोलला, काय केलं, हे मात्र त्याचं. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे ही रेघ आखणं अवघड आहे, हे आम्हाला कळतं. कधी कधी आखताच येत नाही. तरी विचारता तर येतंच.

आणि एक खंत. जो उभा राहून बोलू शकतो त्याचाच अनुभव आपल्यापर्यंत येतो. जी वहिनी दोन वर्षं दाराबाहेर आलेली नाही, तिचं आपण कसं ऐकणार? एका दादांचं ऐकलं म्हणून सगळ्यांचा आजार कळला असंही नाही.

कतारगाममध्ये या गोष्टी लांबच्या नाहीत. हिऱ्याची मंदी आपण सगळ्यांनी पाहिलीय. घंटी बंद, पगार अर्धा, मुलांची फी थकलेली. 2024 मध्ये हिरे कामगारांच्या संघटनेला जीव द्यायला निघालेल्या कारागिरांसाठी हेल्पलाइन सुरू करावी लागली. सरकारचाही टेलि-मानस नावाचा नंबर आहे, 14416. 2022 पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, आणि मराठी-गुजरातीतही बोलता येतं. फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा. आणि गोळ्यांविषयी स्पष्टच लिहितो. डॉक्टरांना न विचारता कोणाला गोळ्या सोडायला सांगू नका. बीपीची, साखरेची गोळी आपण नाम घेत घेतच घेतो ना?

मागच्या रविवारी आमच्यातले दोघं त्या दादांच्या घरी गेले होते. ‘श्रद्धा कमी पडतेय’ म्हणणाऱ्या ताई स्वतःहून सोबत आल्या. तिथे त्या फारसं बोलल्या नाहीत, वहिनींना भाजी निवडू लागल्या. दादांना आम्ही विचारलं, “तुम्ही बोललात तेव्हा आम्ही काय करायला हवं होतं?” ते बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, “काही नाही. बोलून झाल्यावर सगळे उठून चपला शोधायला लागले. कोणीतरी बाजूला बसायचं होतं.”

या गुरुवारी येतो म्हणालेत. नक्की नाही, झोप कशी लागते त्यावर आहे. आले तर तब्येतीचं विचारायला सगळ्यांनी एकदम घेराव घालू नका. कारखान्याचं विचारा, पोरीच्या दहावीचं विचारा. त्यांना वाटलं तर ते पुढचं बोलतील. आणि हा मजकूर आपल्या घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा, पण ‘हे म्हणजे आपले अमुक दादा का?’ असं खाली कोणी लिहू नये, एवढी विनंती.

जय सद्गुरू 🙏