जाणाऱ्यांचा स्वभाव आणि न जाणाऱ्यांची अडचण

‘त्याच्यात धमक होती, म्हणून तो बाहेर पडला,’ हे वाक्य आपल्याकडे सहज बोलले जाते. त्यातच न बोलता दुसरे वाक्य दडलेले असते: जे राहिले त्यांच्यात ती नव्हती. या समजुतीत तथ्य आहे, पण ते अपुरे आहे आणि त्या अपुरेपणातून अन्याय होतो.

आधी तथ्याची बाजू पाहू. मानसशास्त्रज्ञ व्यक्तिमत्त्वाचे जे पाच प्रमुख पैलू मानतात, त्यांतल्या नव्या अनुभवांच्या ओढीचा स्थलांतराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. अर्थशास्त्रज्ञ ॲन सोफी बेक नुडसेन यांनी 1850 ते 1920 या काळात स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमधून अमेरिकेकडे गेलेल्या लोंढ्याचा अभ्यास केला. घरच्यांनी मुलाला रूढ नाव ठेवले की वेगळे, यावरून त्यांनी त्या घरातल्या स्वतंत्र वृत्तीचा अंदाज बांधला. वेगळ्या नावाच्या माणसांचे देश सोडण्याचे प्रमाण जास्त निघाले. जिथून अधिक लोक गेले, त्या भागांत मागे उरलेला समाज अधिक समूहनिष्ठ झाला. म्हणजे जाणाऱ्यांबरोबर गावाच्या स्वभावाचाही एक भाग निघून जातो.

बुद्धीचेही तसेच. 2010च्या आयआयटी प्रवेश परीक्षेत पहिल्या हजारांत आलेल्यांचा माग संशोधकांनी काढला. त्यांतले 36 टक्के पुढे परदेशी गेले होते. पहिल्या शंभरांत हे प्रमाण 62 टक्के होते आणि पहिल्या दहांतले नऊ जण गेले होते. हुशारी जितकी वरची, तितके जाणे अधिक, असाच निष्कर्ष कुणीही काढील. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या अभियांत्रिकी संस्थेला 2012 मध्ये आयआयटीचा दर्जा मिळाला. शिक्षक तेच, अभ्यासक्रम तोच. तरी तिथल्या पदवीधरांचे उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याचे प्रमाण वाढले. बुद्धीला दार उघडून देणारे नाव मिळाले, एवढाच फरक.

दार म्हणजे किती छोटी गोष्ट असू शकते, हे बांगलादेशातील रंगपूरने दाखवले. तिथे भातकापणीच्या आधीच्या महिन्यांत दरवर्षी उपासमार होई, तरी बरीच कुटुंबे कुणालाही शहरात कामाला धाडत नसत. 2008 मध्ये संशोधकांनी काही घरांना साधारण बसभाड्याइतकी, म्हणजे साडेआठ डॉलरची मदत देऊ केली. तेवढ्यावर 22 टक्के कुटुंबांनी माणूस पाठवला, घरातले खाणे वाढले आणि पुढच्या वर्षी मदत नसतानाही त्यांतले अनेक जण पुन्हा गेले. वर्षभरात त्यांचा स्वभाव बदलला नव्हता. काम मिळालेच नाही तर घरी भाकरी कुठून येणार, ही भीती तेवढी कमी झाली होती. उपाशी माणसाची सावधगिरी हा भित्रेपणा नसतो. तो त्याचा चोख हिशेब असतो.

उलट टोकाला बीडचा ऊसतोड कामगार उभा आहे. दिवाळीच्या सुमारास नवराबायको मिळून एक कोयता म्हणून मुकादमाकडून उचल घेतात, लेकराबाळांसह कारखान्याच्या पट्ट्यात जातात आणि उचल फिटेपर्यंत पहाटेपासून फडात राबतात. त्यांच्या जाण्यात नव्याची ओढ शोधणे क्रूरपणाचे आहे. त्यांतला एखादा कमालीचा जिज्ञासू असेल, एखादी विलक्षण बुद्धिमान असेल. पण ऊस तोडायला जावे की न जावे, हे त्या गुणांना कुणी विचारलेलेच नसते. शेतीला पाणी नाही आणि गेल्या हंगामाची बाकी डोक्यावर आहे, एवढ्यावरच निर्णय होतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की स्वभाव आणि बुद्धी स्थलांतराचा निर्णय घडवतात खरे, पण जिथे निवडीला जागा आहे तिथेच. हाताशी थोडी शिल्लक, परक्या शहरात एखादी ओळख आणि परतलो तर घर उभे असेल ही खात्री, एवढे असले की माणसाचे आतले गुण बोलू लागतात. ते नसेल, तर धाडसी माणूसही जागचा हलत नाही आणि घरकोंबड्यालाही बिऱ्हाड पाठीवर घ्यावे लागते.

तेव्हा जाणाऱ्याच्या धमकेचे कौतुक जरूर करावे, पण न जाणाऱ्याच्या स्वभावावर शिक्का मारण्याआधी त्याच्यापुढे खरोखर किती वाटा होत्या, हे विचारावे. आणि शासनाने ऊसतोडीच्या गावांत काम, पाणी आणि मुलांच्या शाळेची सोय आधी करावी. मग कोण जातो आणि कोण राहतो, हे माणसांच्या मनावर सोडता येईल.